ध्वनिक्षेपकाच्या तारेतील लाल धागा : एका तांत्रिक चिन्हाचे अर्थपरिवर्तन

घरगुती संगीतयंत्रांमध्ये ज्याला 'रिसीव्हर' म्हणतात, त्याच्या पाठीमागील बाजूस प्रत्येक ध्वनिक्षेपकासाठी दोन अग्रे असतात. एक लाल, एक काळे. तेथून निघणाऱ्या दुपदरी तारेच्या एका पदरावर बहुधा एखादी रेघ, उंचवटा किंवा रंगीत धागा असतो. ध्वनिक्षेपकाच्या पाठीवरही अग्रांची तशीच जोडी आढळते. लाल अग्र लाल अग्राला व काळे काळ्याला जोडावे, एवढा नियम पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो पाळला म्हणजे सामान्य माणसाचे काम संपते. परंतु या तारेतून वाहणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. सेकंदाला वीसपासून वीस हजारांपर्यंत त्याची आवर्तने होतात व प्रत्येक आवर्तनात तो दोन वेळा दिशा बदलतो. ज्या प्रवाहाला स्थिर अशी दिशाच नाही, त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण म्हणण्यात अर्थ कोणता?

या प्रश्नाचे उत्तर विद्युत्शास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते. ध्वनिक्षेपकाच्या तारेवरील ही खूण सुमारे शंभर वर्षे जवळजवळ त्याच रूपात टिकून आहे. मात्र तिचा अर्थ या अवधीत किमान दोनदा पालटला आणि मधला बराच काळ तर तिला अर्थच नव्हता. रूप स्थिर आणि आशय चल, हा अनुभव शब्दांच्या इतिहासात नित्याचा आहे. यंत्रांच्या इतिहासात तो क्वचितच इतक्या स्वच्छपणे पाहावयास मिळतो.

रेडिओच्या पहिल्या दशकात घरगुती यंत्राला कानावर लावावयाची श्रवणिका जोडलेली असे. घरातील सर्वांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून श्रवणिकेच्याच रचनेचा, पण मोठ्या आकाराचा घटक कर्ण्याच्या बुडाशी बसवून पहिले घरगुती ध्वनिक्षेपक तयार झाले. (मराठीने या वस्तूला 'कर्णा' हे नाव दिले ते वाद्यावरून. ऐकण्याशी संबंध असल्यामुळे हा शब्द संस्कृत 'कर्ण' यापासून आला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे नाते फारसीतील रणवाद्याच्या नावाशी आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा हा जुना शब्द नव्या वस्तूसाठी जणू तयारच होता. लोकांनी तो पुढे मांडवातील ध्वनिक्षेपकालाही लावला, आणि 'ध्वनिक्षेपक' हा शब्द पुस्तकांत राहिला.)

या घटकाची रचना पाहिल्यावाचून तारेवरील खुणेचा मूळ अर्थ कळत नाही. आत एक कायम चुंबक असे. त्याच्या ध्रुवांवर बारीक तारेची वेटोळी गुंडाळलेली असत आणि ध्रुवांसमोर लोखंडाचा पातळ पडदा असे. ग्राहक यंत्रातील शेवटच्या व्हॉल्वच्या प्लेटला ९० ते १३५ व्होल्टच्या बॅटरीकडून मिळणारा प्रवाह या वेटोळ्यांतूनच नेला जाई. म्हणजे गाण्याच्या किंवा भाषणाच्या चढउतारांबरोबरच काही मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाहही त्यांतून अखंड वाहत राही. हा स्थिर प्रवाह ज्या दिशेने वाहील त्या दिशेप्रमाणे वेटोळ्याचे चुंबकत्व मूळ चुंबकाला साह्य तरी करी, नाही तर विरोध. विरोध झाला तर आवाज तत्काळ क्षीण होई, आणि तसाच वापर चालू राहिला तर चुंबकाची शक्तीही कालांतराने घटे. म्हणून कापडी आवरणाच्या दोन दोऱ्यांपैकी एकीच्या विणीत रंगीत, बहुधा लाल, धागा घालण्याची पद्धत पडली. धागा असलेली दोरी बॅटरीच्या धन टोकाकडे जाणाऱ्या अग्राला लावावयाची. येथे धन हा शब्द अगदी अक्षरशः खरा होता. प्रवाहाला दिशा होती आणि त्या दिशेवर चुंबकाचे आयुष्य अवलंबून होते. एकच ध्वनिक्षेपक असला तरीही खुणेला पूर्ण अर्थ होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणाऱ्या ध्वनिक्षेपकावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. चल वेटोळ्याची कल्पना त्यापूर्वीचीच होती. पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात ती जाहीररीत्या वापरून दाखविली होती. परंतु राइस-केलॉग यांच्या रचनेने कागदी शंकू आणि त्याला चिकटविलेले हलके वेटोळे हे जे रूप सिद्ध केले, ते आजही मूलतः तसेच आहे. या वेटोळ्याचा संरोध केवळ काही ओहम, तर व्हॉल्वला हवा असलेला भार काही हजार ओहम. दोहोंचा मेळ घालण्यासाठी मध्ये रोहित्र आले. रोहित्रातून स्थिर प्रवाह पलीकडे जात नाही, फक्त बदलणारा प्रवाह जातो. त्याबरोबर लाल धाग्याचे मूळ प्रयोजन संपले. आता दोन तारांची अदलाबदल केली तरी कोणतेही चुंबक क्षीण होणार नव्हते, आणि कानालाही व्यवहारात काही भेद जाणवणार नव्हता. शंकू प्रथम बाहेर सरकला काय किंवा आत सरकला काय, एकट्या ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत श्रोत्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

या काळातील ध्वनिक्षेपकांना दोनाहून अधिक तारा असत, हेही येथे सांगितले पाहिजे. पुरेसे शक्तिशाली कायम चुंबक तेव्हा स्वस्त नव्हते. म्हणून विद्युत्चुंबक वापरीत आणि त्याच्या वेटोळ्याला यंत्रातील उच्च दाबाचा प्रवाह पुरवीत. बहुतेक यंत्रांत हेच वेटोळे प्रवाहातील गुणगुण गाळण्याचे कामही करी. त्यामुळे ध्वनिक्षेपकाची तार काढणे म्हणजे सगळे यंत्रच बंद पाडणे, आणि उघडी तार हाताला लागणे म्हणजे प्राणाशी खेळ. साहजिकच ही जोडणी लाकडी पेटीच्या आत गेली व तंत्रज्ञाच्या ताब्यात राहिली. १९३१ साली जपानमध्ये मिशिमा यांनी शोधलेल्या ॲल्युमिनियम-निकेलयुक्त पोलादापासून पुढे जी चुंबकद्रव्ये निघाली, त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर विद्युत्चुंबकाला हद्दपार केले. तारा पुन्हा दोनच उरल्या. त्यांपैकी एकीवर खूण असली तरी ती सवयीपुरती होती.

मराठीतील एका परिचित वस्तुस्थितीशी या अवस्थेची तुलना करता येईल. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील दोन ज-कार उच्चारात भिन्न आहेत. लिपी मात्र तो भेद दाखवीत नाही. येथे भेद ऐकू येतो पण लिहिला जात नाही. १९३० ते १९५७ या काळातील घरगुती ध्वनिक्षेपकाच्या तारेची स्थिती नेमकी उलट होती. तेथे भेद लिहिलेला होता, पण ऐकू येत नव्हता.

युद्धोत्तर काळात ध्वनिक्षेपकाची जोडणी पेटीतून बाहेर आली व गृहस्थाच्या हाती पडली. १९४७ साली इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांच्या विवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि तो पाहून असंख्य हौशी लोकांनी घरी विवर्धक बांधले. विवर्धक एकाचा, ध्वनिक्षेपक दुसऱ्याचा, पेटी सुताराकडून करून घेतलेली, अशी जुळवाजुळव रूढ झाली. विवर्धकाच्या पाठीवर बॅकेलाइटची पट्टी आणि तिच्यावर चार-पाच स्क्रू असत. त्यांवर लाल-काळे नव्हे, तर आकडे लिहिलेले असत : ०, ४, ८, १६. हे रोहित्राच्या निरनिराळ्या टप्प्यांचे आकडे होत. ध्वनिक्षेपकाचा संरोध जितके ओहम असेल त्या आकड्याला एक तार आणि शून्याला दुसरी. चुकीच्या आकड्याला तार लावली तर शक्ती वाया जाई व विकृती वाढे. म्हणजे या काळात जोडणीचे व्याकरण होते ते संख्येचे. ध्रुवतेला त्यात स्थान नव्हते. १९५४ साली हार्मन-कार्डन कंपनीने रेडिओग्राही व विवर्धक एकाच सांगाड्यावर बसविलेले 'फेस्टिव्हल' यंत्र विकावयास काढले आणि 'रिसीव्हर' हा शब्द या संयुक्त यंत्राला लागला. आज अशा यंत्राचे मुख्य काम विवर्धनाचे असते आणि कित्येक घरांत त्याचा रेडिओ कधी लावलाही जात नाही. नाव मात्र त्या गौण अंगाचेच राहिले आहे.

आणि मग दोन ध्वनिक्षेपक आले. ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ सालच्या ब्रिटिश पेटंट-अर्जात द्विवाहिनी ध्वनिमुद्रणाची तत्त्वे मांडली होती. परंतु वेस्ट्रेक्स पद्धतीच्या स्टिरिओ तबकड्या बाजारात यावयास १९५८ साल उजाडावे लागले. १९६१ साली अमेरिकेत रेडिओवरून स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झाले. घराच्या एका भिंतीशी दोन ध्वनिक्षेपक उभे राहिले आणि तीस वर्षे निद्रिस्त असलेली खूण एकाएकी जागी झाली. एकाच्या तारा सरळ व दुसऱ्याच्या उलट जोडल्या गेल्या, तर समान संकेत मिळताच एक शंकू बाहेर येतो त्याच क्षणी दुसरा आत जातो. एक हवा दाबतो, दुसरा तीच हवा ओढून घेतो. पन्नास आवर्तनांच्या मंद्र स्वराची तरंगलांबी सुमारे सात मीटर भरते. दोन-अडीच मीटरांवर असलेले दोन ध्वनिक्षेपक अशा स्वराच्या दृष्टीने जवळजवळ एकाच ठिकाणी असल्यासारखे असतात व परस्परांचे काम पुसून टाकतात. मृदंगाचा धुमारा नाहीसा होतो. वरच्या स्वरांत असे सरसकट लोपन होत नाही, पण मध्यभागी उभा असल्यासारखा वाटणारा गायक विरघळून खोलीभर पसरतो आणि तो कोठे आहे हे सांगता येत नाही.

यंत्र बिघडलेले नसते, तार तुटलेली नसते, कोणताही भाग तापत नाही. आणि तरीही ऐकणाऱ्याला काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते. कित्येक घरांत ही चूक वर्षानुवर्षे राहिली असली तर नवल नाही, कारण तुलनेसाठी बरोबर जोडणी ऐकलेली असावी लागते. म्हणूनच आरंभीच्या अनेक स्टिरिओ विवर्धकांवर एका वाहिनीची ध्रुवता उलटविण्याची कळ दिलेली असे. चाचणीच्या तबकड्यांवर यासाठी स्वतंत्र भाग असे. तंत्रज्ञ मात्र साधा उपाय करी. दीड व्होल्टचा सेल ध्वनिक्षेपकाच्या अग्रांना क्षणभर लावावा. शंकू बाहेर सरकला तर सेलचे धन टोक ज्या अग्राला होते ते धन मानावे.

या ठिकाणी परिभाषेतील एका गोंधळाची नोंद करावयास हवी. कळेवर व पुस्तिकांतून शब्द छापला गेला तो 'फेज', म्हणजे कला. वस्तुतः तारा उलटविल्याने तरंग काळात पुढेमागे सरकत नाही. तो केवळ उलटा होतो. याला ध्रुवता म्हणावयास हवे. शुद्ध एकस्वरी तरंगाच्या बाबतीत उलटणे आणि अर्ध्या आवर्तनाने सरकणे ही सारखीच दिसतात, त्यामुळे चूक खपून गेली. संगीत व भाषण यांत असे शुद्ध तरंग नसतात. तथापि शब्द रूढ झाला तो झालाच, आणि आजही यंत्राच्या पडद्यावर तोच उमटतो.

स्टिरिओने खुणेला दिलेला अर्थ मूळ अर्थाहून जातीनेच वेगळा होता. पूर्वीची धन खूण बॅटरीकडे, म्हणजे प्रत्यक्ष भौतिक दिशेकडे, बोट दाखवीत होती. नवी खूण फक्त दुसऱ्या खुणेकडे बोट दाखविते. दोन्ही ध्वनिक्षेपकांच्या तारा उलट जोडल्या तर दोन चुका मिळून काहीच चूक होत नाही. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधातून ठरते असे जे प्रतिपादन आहे, त्याला याहून साधे उदाहरण मिळणे कठीण.

हे चिन्ह किती यादृच्छिक होते याचा पुरावा बाजारातच होता. बहुसंख्य उत्पादक धन दाबाने शंकू बाहेर आणणाऱ्या अग्राला लाल रंग देत. परंतु जेम्स लॅन्सिंग यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या जे. बी. एल. कंपनीच्या ध्वनिक्षेपकांत अनेक दशके नेमका उलट संकेत होता. तेथे शंकू बाहेर येई तो काळ्या अग्राला धन टोक लावले असता. ज्याच्या घरी त्या कंपनीचेच दोन्ही ध्वनिक्षेपक होते त्याला हे कधी कळण्याचे कारण नव्हते. अडचण येई ती मिश्र कुटुंबात, म्हणजे एक ध्वनिक्षेपक या घराण्याचा व दुसरा त्या घराण्याचा असे असताना. नियमाप्रमाणे लालला लाल जोडणारा माणूस तेथे फसे आणि निष्काळजी माणसाला निम्मी तरी संधी मिळे. आंतरराष्ट्रीय मानकांनी बाहेर सरकणाऱ्या शंकूचा संकेत मान्य केला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या कंपनीनेही तो स्वीकारला. प्रमाण बोलीने स्थानिक बोलीला बाजूस सारावे तसेच हे झाले. कोणती पद्धत अधिक शास्त्रशुद्ध, हा प्रश्न दोन्हीकडे गैरलागू आहे.

१९६० नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि रोहित्र गेले. त्याबरोबर आकड्यांची पट्टी गेली व प्रत्येक वाहिनीला लाल-काळी अशी दोनच अग्रे उरली. जोडणीतील धोकाही उलटला. व्हॉल्वचा विवर्धक भाराविना मोठ्या आवाजावर चालविला तर त्याचे रोहित्र जळण्याचे भय असे. ट्रान्झिस्टरचा विवर्धक भाराविना निर्धास्त चालतो, पण दोन तारा एकमेकींना टेकल्या तर, विशेषतः आरंभीच्या यंत्रांत, ट्रान्झिस्टर क्षणार्धात निकामी होत. तारेच्या टोकाशी सुटलेला केसाएवढा एक तंतू शेजारच्या अग्राला लागणे एवढेही पुरेसे होते. टोकाचे आवरण सुमारे एक सेंटिमीटरच काढावे, तंतू घट्ट पिळावेत, यंत्र बंद करूनच जोडणी करावी, ही पुस्तिकांतील वाक्ये त्या अनुभवातून आलेली आहेत. काळ्या रंगाचा आणखी एक अर्थही या काळात रूढ झाला. काळे अग्र म्हणजे यंत्राच्या सांगाड्याशी जोडलेले, म्हणून निर्धोक व दोन्ही वाहिन्यांना समाईक, असे लोक मानू लागले. बहुतेक यंत्रांत ते खरेही होते. परंतु काही विवर्धकांत दोन्ही अग्रे सारखीच सक्रिय असतात. अशा यंत्राची दोन काळी अग्रे एकत्र जोडणाऱ्याने केवळ रंगावर विश्वास ठेवलेला असतो, आणि त्याची किंमत त्याला यंत्राच्या रूपाने मोजावी लागते.

तारेच्या टोकांचा इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. चिन्ह वाचावयाचे, की चूक होऊच द्यावयाची नाही, असे दोन पंथ त्यात दिसतात. जर्मन मानक ४१५२९ मधील प्लगाला एक चपटी व एक गोल शलाका असे. तो उलटा बसतच नसे, म्हणून रंगाची गरजच नव्हती. 'बनाना प्लग' मात्र वाचनाच्या पंथातला. त्याचा उगम १९२४ च्या सुमारास जर्मनीत हिर्शमान यांच्याशी आणि अमेरिकेत जनरल रेडिओ कंपनीशी जोडला जातो. त्याची जाडी चार मिलिमीटर, आणि रिसीव्हरवरील दोन अग्रांतील अंतर पाऊण इंच, म्हणजे एकोणीस मिलिमीटर. दुर्दैवाने युरोपातील भिंतीवरच्या वीजसॉकेटच्या दोन छिद्रांतील अंतरही तेवढेच आहे. भारतातील ५ अँपिअरच्या सॉकेटमध्येही ते तेवढेच असते. एखाद्या मुलाने हे प्लग भिंतीत घातले तर २३० व्होल्टचा दाब ध्वनिक्षेपकात जाईल आणि कदाचित मुलाच्या हातातही. युरोपात विकावयाच्या यंत्रांच्या अग्रांत प्लॅस्टिकची बुचे ठोकलेली असतात ती याकरिता. ती बुचे टोकदार हत्याराने उपसून काढणाऱ्या ग्राहकाला त्यांचे कारण बहुधा ठाऊक नसते.

तारेच्या जाडीबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जेवढे लिहिले गेले तेवढे तिच्या ध्रुवतेबद्दल लिहिले गेले नाही. वस्तुतः विषय सोपा आहे. दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध सुमारे ०.४६ ओहम होतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.१४. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकापुढे पहिला आकडा जेमतेम चालण्याजोगा, दुसरा नगण्य. १९७९ साली नोएल ली यांनी 'मॉन्स्टर केबल' कंपनी काढली आणि दिव्याची साधी दुपदरी तार वापरणे एकाएकी मागासलेपणाचे ठरू लागले. १९८० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर. ए. ग्रायनर यांनी ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकात विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या जोडणीचे गणित मांडले. घरगुती अंतरात पुरेशा जाडीपलीकडे तारेत फारसे गूढ उरत नाही हे त्यावरून दिसत होते. बाजारावर त्याचा परिणाम झाला नाही.

उलट या बाजाराने एक नवीन चिन्ह प्रचलित केले. काही महाग तारांच्या आवरणावर बाण छापलेले असतात. तार विवर्धकाकडून ध्वनिक्षेपकाकडे अशीच लावावी, असा त्यांचा आदेश. लाल धाग्याला आरंभी बॅटरीचा आधार होता, पुढे दुसऱ्या ध्वनिक्षेपकाचा. या बाणाला प्रत्यावर्ती प्रवाहात कसलाच आधार नाही, कारण तांब्याची तार उलटी लावली असता कोणतेही अन्य चिन्ह त्यामुळे विचलित होत नाही. तरीही ग्राहक तो बाण पाळतात, आणि पाळल्याने नुकसानही काही होत नाही.

एकविसाव्या शतकातील बहुवाहिनी रिसीव्हरांना पाच, सात किंवा त्याहून अधिक ध्वनिक्षेपक जोडावयाचे असतात. म्हणून त्यांच्यासोबत एक छोटा ध्वनिग्राहक दिला जातो. यंत्र क्रमाक्रमाने प्रत्येक ध्वनिक्षेपकातून चाचणीचा आवाज काढते, तो ऐकते आणि एखाद्याची ध्रुवता उलट वाटल्यास पडद्यावर तसे लिहिते. हा निर्णय पुष्कळदा बरोबर असतो. परंतु काही ध्वनिक्षेपकांत उच्च व मध्यम स्वरांचे घटक रचनाकाराने मुद्दामच परस्परविरुद्ध जोडलेले असतात, आणि तेथे यंत्राची वाचनात फसगत होते. अशा वेळी काय करावे हे पुस्तिकेत लिहिलेले असते. तारा तपासाव्यात, त्या बरोबर असतील तर सूचना दुर्लक्षून पुढे जावे. म्हणजे गृहस्थाला पुन्हा यंत्राच्या मागे वाकून, दिव्याच्या उजेडात, तारेच्या कोणत्या पदरावर रेघ आहे ते डोळ्यांनी पाहावे लागते.